मीटर वाचा, मग बिल वाचा

पावसाळा नुकताच संपला होता. आचऱ्याच्या एका वाडीत आमचा साक्षरतेचा वर्ग भरला होता. दिवेलागणीची वेळ. एक काकी जरा उशिरा आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घडी घातलेले दोन कागद काढले नि आमच्यापुढे ठेवले.

"मास्तरांनू, ह्या बघा. दोन म्हयने घर बंद होता. दिवो लावलो नाय, पंखो फिरलो नाय. मग ह्या बिल कसला इला?"

काकी नातवाचे तोंड पाहायला मुंबईला गेल्या होत्या. दोन महिने तिकडेच राहिल्या. परत आल्या तो दाराच्या फटीत विजेची दोन बिले. पैसे भरले नाहीत तर लाईट तोडतील, ही धास्ती. शेजारणीकडून उसने घेऊन उद्या भरायचे, असे त्यांनी ठरवले होते.

आम्ही म्हटले, "काकी, उसने मागू नका. आधी आपण कागद वाचू या."

वर्गातल्या सगळ्यांनी मिळून ते बिल वाचले. 'मागील रीडिंग' या शब्दांखाली ३४५० हा आकडा होता. 'चालू रीडिंग' च्या जागी आकडाच नव्हता. तिथे 'लॉक' असे छापले होते. लॉक म्हणजे कुलूप. काकींचा मीटर घराच्या आत, पडवीत. पडवीला कुलूप. रीडिंग घेणारा माणूस आला, त्याला मीटर दिसला नाही. म्हणून मागच्या महिन्यांच्या वापरावरून अंदाज करून बिल काढले गेले. महिन्याला ६५ युनिट. दोन महिन्यांचे १३० युनिट. याला सरासरीचे बिल म्हणतात.

मग आम्ही सगळे कंदील नव्हे, बॅटरी घेऊन काकींच्या पडवीत गेलो. मीटरवर आकडा होता ३४५७. म्हणजे दोन महिन्यांत खरी वीज जळली ७ युनिट. बिल आले १३० युनिटांचे. १२३ युनिट जास्तीचे!

दुसऱ्या दिवशी काकी अर्ज घेऊन वीज कचेरीत गेल्या. अर्जात मीटरचा आकडा नि तारीख लिहिली होती. मीटरचा फोटो सोबत होता. बिल दुरुस्त झाले. चूक कुणाची नव्हती. दार बंद होते, एवढेच. पण कागद वाचला नसता, तर काकींनी उसने काढून सातशे रुपयांवर जास्तीचे भरले असते. ते पुढे कधीतरी वळते झाले असते. पण आज अडचण झाली असती, ती झालीच असती.

मंडळी, तुम्ही आता अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. त्या विद्येचा घरच्या घरी पहिला उपयोग कोणता? आम्ही म्हणू, मीटर वाचणे.

युनिट म्हणजे काय?

तांदूळ आपण किलोने घेतो. पूर्वी पायलीने मोजत. दूध लिटरने मोजतात. तशी वीज युनिटाने मोजतात.

प्रत्येक बल्बवर, पंख्यावर, इस्त्रीवर एक आकडा लिहिलेला असतो. त्यापुढे 'वॅट' असे असते. ती वस्तू किती वीज खाते, ते त्यावरून कळते. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झाले. हजार वॅटची इस्त्री तासभर तापवली, एक युनिट. शंभर वॅटचा बल्ब दहा तास जळला, एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी बल्ब मात्र एक युनिटात शंभर तासांहून जास्त जळतो. फरक ध्यानात आला ना?

चला, एका साध्या घराचा हिशेब मांडू. महिना तीस दिवसांचा धरू.

नऊ वॅटचे ४ बल्ब, रोज ५ तास. महिन्याला सुमारे साडेपाच युनिट.
पंचाहत्तर वॅटचे २ पंखे, रोज १० तास. महिन्याला ४५ युनिट.
साठ वॅटचा टीव्ही, रोज ४ तास. महिन्याला सुमारे ७ युनिट.
लहान फ्रिज, रोज सुमारे १ युनिट. महिन्याला ३० युनिट.
विहिरीवरचा लहान पंप, सुमारे ५०० वॅटचा, रोज १ तास. महिन्याला १५ युनिट.

बेरीज करा. १०२ ते १०३ युनिट होतात.

पाहा बरे, कोण जास्त खातो! आपण पोरांना ओरडतो, "दिवो बंद कर." पण दिव्यांचे साडेपाच आणि पंख्यांचे पंचेचाळीस! रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा घराला महाग पडतो.

आता त्याच घरात एलईडीच्या जागी साठ वॅटचे जुने पिवळे बल्ब लावा. चार बल्ब, रोज पाच तास. महिन्याला ३६ युनिट होतात. साडेपाचाचे छत्तीस झाले. उजेड तेवढाच, खर्च सहापटीहून जास्त.

शंभराचा उंबरठा

आता पैशाचा हिशेब. विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. त्याचे टप्पे असतात. पहिला टप्पा १ ते १०० युनिटांचा. दुसरा १०१ ते ३०० चा. त्यापुढे ३०१ ते ५०० चा, आणि शेवटचा ५०० च्या वरचा. जसजसे वर जाल तसतसा दर वाढतो.

२०२४-२५ सालचे महावितरणचे घरगुती दर पाहू. पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार होता युनिटामागे ४ रुपये ७१ पैसे. १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार. वहन आकार म्हणजे वीज तारेवरून घरापर्यंत आणण्याची हमाली. दोन्ही मिळून पहिल्या टप्प्यात युनिट पडले ५ रुपये ८८ पैशांना. दुसऱ्या टप्प्यात ११ रुपये ४६ पैशांना. जवळजवळ दुप्पट!

हे दर बदलत असतात. म्हणून आमचे आकडे पाठ करू नका. रीत शिका, आणि दर तुमच्या ताज्या बिलावर पाहा.

इथे पुष्कळांचा एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, "शंभराच्या वर एक युनिट गेला, की सगळ्या युनिटांना चढा दर लागतो." हे खरे नाही. पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो. वरच्या युनिटांनाच चढा दर लागतो.

समजा, १३० युनिट झाले. पहिले १०० युनिट ५ रुपये ८८ पैशांनी. त्याचे ५८८ रुपये. वरचे ३० युनिट ११ रुपये ४६ पैशांनी. त्याचे ३४३ रुपये ८० पैसे. मिळून ९३१ रुपये ८० पैसे. सगळ्यांना चढा दर लागला असता, तर १,४८९ रुपये झाले असते. तसे होत नाही.

पण एक गोष्ट खरी. वाचवलेला युनिट हा नेहमी वरच्या टप्प्यातलाच असतो. म्हणून काटकसरीचा पैसा मोठा दिसतो. मघाच्या घरातले पिवळे बल्ब काढून एलईडी लावले, तर ३० युनिट वाचतात. तेही ११ रुपये ४६ पैसेवाले. म्हणजे महिन्याला ३४० रुपयांवर बचत.

गावपळण आणि स्थिर आकार

आपल्या आचऱ्याची गावपळण तुम्हाला सांगायला नको. तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल होतो. मग सारा गाव गुरेढोरे, कुत्री-मांजरे, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री गाव रिकामा. घरात दिवा नाही, चूल नाही. लोक झोपड्या घालून माळावर राहतात.

आता सांगा, या तीन दिवसांत विजेचे बिल किती कमी होईल?

आपण मांडलेल्या घरात रोज साडेतीन युनिटांच्या आत वीज लागते. तीन दिवसांचे सुमारे १० युनिट वाचतील. फ्रिज रिकामा करून मेन स्विच बंद केला असेल, तरच बरे का! फ्रिज चालू ठेवून गेलात, तर तीन युनिट जळतीलच.

पण बिलात 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. तो मात्र एक पैसाही कमी होणार नाही. घर तीन दिवस बंद असो, तीन महिने बंद असो, स्थिर आकार लागतोच. खांब उभे आहेत, तार ओढलेली आहे, मीटर जोडलेला आहे. त्याचे ते भाडे समजा. म्हणून चाकरमान्यांची बंद घरे वर्षभर काही जाळत नाहीत, तरी त्यांना बिल येते. ते न भरता साठत गेले, की गणपतीला घर उघडावे तो थकबाकी उभी!

बिलावरच्या बाकीच्या ओळी अशा. 'इंधन समायोजन आकार' म्हणजे कोळसा वगैरे इंधनाच्या भावात पडलेला फरक. तो कमीजास्त होतो. 'वीज शुल्क' हा सरकारचा कर. घरगुती बिलावर तो १६ टक्के असतो. 'मागील थकबाकी' म्हणजे आधीची राहिलेली रक्कम. बिल अचानक फुगलेले दिसले, तर आधी ही ओळ पाहा. पुष्कळदा मेख तिथेच असते.

वीज येते कुठून, जाते कुठे?

विजेला पैसे का पडतात? कारण ती लांबून येते.

आपल्या कोकणातले उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर धरण आहे. त्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आणून पोफळीला खाली सोडतात. पोफळी चिपळूण तालुक्यात आहे. डोंगर कोरून आत वीजघर बांधले आहे. पाण्याच्या जोरावर तिथे चाके फिरतात नि वीज होते. १९६२ साली तिथली पहिली वीज सुरू झाली. विदर्भात चंद्रपूर, कोराडी इथे कोळसा जाळून वीज करतात. या सगळ्या विजा मोठ्या तारांच्या जाळ्यात एकत्र होतात. आपल्या घरी येते ती वीज कुठली, हे वेगळे काढून सांगता येत नाही.

ही वीज मोठ्या दाबाने येते. उपकेंद्रात तिचा दाब उतरवतात. तिथून ११ हजार व्होल्टच्या तारा गावोगाव जातात. वाडीतल्या डीपीवर तो दाब पुन्हा उतरतो नि घरात २३० व्होल्टची वीज येते. भात कणगीत भरून ठेवतो, तशी वीज सहज भरून ठेवता येत नाही. वाटेत कुठेही तार तुटली की उजेड गेला.

आणि आपली वाट अवघड. माड, फणस, आंबे, काजू यांच्यातून तारा गेलेल्या. वाऱ्याने झावळ तारेवर पडते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते. पावसात फांदी टेकली की वीज जमिनीत उतरते नि लाईन बंद पडते. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. खांब मोडले, तारा जमिनीवर लोळल्या. गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही वीज कामगार मदतीला आले, तेव्हा एकेक लाईन उभी राहिली.

म्हणून मे महिन्यात वाडीने एकत्र यावे. कुठल्या तारेला कुठली झाडे लागतात, त्याची यादी करावी. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वीज कचेरीत द्यावा. आता अंगठा नको, सही करा! झाड मालकाने 'माझो माड तोडू नको' म्हणून अडून बसू नये. झावळ काढली तर माड मरत नाही. पण तार तुटली तर माणूस मरतो.

हे तर कधीच विसरू नका. तुटून पडलेली तार मेलेली आहे असे समजू नये. तिच्याजवळ जाऊ नये. गुरांना, पोरांना जाऊ देऊ नये. तार कुणाच्या अंगावर पडली, तर त्याला हाताने ओढू नये. आधी वीज बंद करायला लावावी. १९१२ या नंबरावर फोन करावा. झाडे तोडायलाही स्वतः चढू नये. वीज बंद झाल्यावर, वायरमन असतानाच ते काम व्हावे. फ्यूज उडाला, तर जाड तार गुंडाळू नये. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवायला.

बिल चुकले वाटले तर?

आधी शांतपणे मीटर पाहा. मीटरवर आकडे इंग्रजी असतात. घाबरू नका, खुणा दहाच आहेत. एक फसवी खूण मात्र ओळखून ठेवा. इंग्रजी आठाचा आकडा आपल्या चारासारखा दिसतो. चार वाचलात नि होते आठ, तर सगळा हिशेब बिघडेल. वर्गात आम्ही ही उजळणी दोन दिवस करून घेतो. काही मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात. कधी तारीख दिसते, कधी वेळ. थोडे थांबा. युनिटांचा आकडा आला की लिहून घ्या.

मग आजच्या आकड्यातून मागील रीडिंग वजा करा. उरेल तो तुमचा खरा वापर. बिलातला आकडा त्याच्याशी जुळतो का पाहा.

कधी सरासरीचे बिल कमी येते. मग खरे रीडिंग झाले की मोठे बिल येते. तेव्हा एक गोष्ट तपासा. समजा, दोन महिन्यांचे मिळून १८० युनिट आले. ते एकाच महिन्याचे धरले, तर ८० युनिटांना चढा दर लागेल. पण महिन्याला ९० प्रमाणे वाटून धरले, तर सगळे युनिट पहिल्या टप्प्यात बसतील. वर सांगितलेल्या दराने ४४६ रुपयांचा फरक पडतो. जितक्या महिन्यांचे बिल, तितक्या महिन्यांचे टप्पे मिळायला हवेत. मिळाले नसतील तर अर्ज करा.

अर्ज नेहमी लेखी द्यावा. एक नक्कल आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. कचेरीत दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. दर ठरवण्याआधी आयोग लोकांच्या हरकती मागवतो. तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसालाही तिथे लिहून पाठवता येते.

थकबाकीसाठी वीज तोडायची असेल, तर आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. असे २००३ सालचा वीज कायदा सांगतो. पण याचा अर्थ बिल टाळावे असा नव्हे. खरे बिल वेळेवर भरावे. चुकीच्या बिलाची दाद मागावी. तारेवर आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीव जातो तो वेगळाच.

भिंतीवरची वही

काकींनी आता पडवीत मीटरशेजारी एक खिळा मारला आहे. खिळ्याला एक लहान वही टांगली आहे. वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काकी स्टुलावर नव्हे, जमिनीवर उभ्या राहून मीटर वाचतात नि तारीख घालून आकडा लिहितात. बिल आले की वही काढतात नि ताळा पाहतात. पुन्हा मुंबईला जाताना मीटरचा आकडा लिहून शेजारणीकडे देतात, मेन स्विच बंद करतात, नि मग दाराला कुलूप लावतात.

परवा एका शेजाऱ्याचे बिल फुगून आले. तो काकींकडे आला. काकी चष्मा लावून म्हणाल्या, "आधी मीटर काय सांगता ता बघूया. चल, वही घेऊन ये."

त्याच्याजवळ वही नव्हती. काकींनी आपल्याच वहीचा कोरा कागद फाडून त्याला दिला.

तुम्हीही आज एवढे करा. मीटर वाचा. आकडा नि तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुन्हा वाचा. वजाबाकी करा. मग बिलाची वाट पाहा. या वेळी ते बिल तुम्हाला काय सांगणार आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.